जर्मनीतली वीज : दुपारी कवडीमोल, संध्याकाळी सोन्याच्या भावाने

ऱ्हाईनकाठ

"जर्मनीत घर घेतलंय, छतावर पॅनेल टाकावीत का, सरकार अजून पैसे देतं का" हा प्रश्न इथे तीन-चार धाग्यांत विखुरलेला आहे. तिथली उत्तरं बहुतेक २०२२ सालची आहेत. २५ फेब्रुवारी २०२५ला नवा कायदा लागू झाला आणि त्यातली निम्मी उत्तरं बाद झाली. म्हणून सगळं एका जागी लिहितो. चुका दाखवा.

आधी बाजार, कारण तो कळल्याशिवाय नियम कळत नाहीत. उद्याच्या विजेचा लिलाव आज दुपारी १२ वाजता होतो. स्वस्तात वीज देणारा आधी, महाग देणारा नंतर अशी रांग लागते. मागणी जिथे भागते तिथल्या शेवटच्या केंद्राचा भाव सगळ्यांना मिळतो. पूर्वी हा भाव तासाचा असे, १ ऑक्टोबर २०२५पासून तो पाव तासाचा झाला. सूर्याला आणि वाऱ्याला इंधन लागत नाही, म्हणून ते रांगेत सगळ्यात पुढे. मे महिन्यातल्या रविवारी कारखाने बंद, ऊन कडक, वारा बरा, की रांग पहिल्या पायरीवरच संपते आणि भाव शून्याखाली जातो. ११ मे २०२५ला दुपारी तो मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटांना) उणे २५० युरो होता. २ जुलै २०२३ला तर उणे ५००, म्हणजे लिलावाच्या नियमांनी घातलेल्या तळाला टेकला होता. उलट टोक १२ डिसेंबर २०२४चं : वारा पडलेला, ढग भरलेले, संध्याकाळी ५ ते ६ या तासाला ९३६ युरो. अशा दिवसांना जर्मन लोक 'डुंकेलफ्लाउट' म्हणतात.

शून्याखालचे तास २०२३मध्ये ३०१ होते, २०२४मध्ये ४५७, २०२५मध्ये ५७३. हा वाढता आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं.

आता सौर. अक्षय ऊर्जा कायदा, तोंडातलं नाव 'ए-ए-गे', १ एप्रिल २०००पासून आहे. तत्त्व सोपं : तुम्ही ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटला ठरलेला दर, ज्या वर्षी यंत्रणा चालू झाली ते वर्ष अधिक पुढची २० वर्षं. २००४मध्ये छतावरच्या लहान यंत्रणेला ५७.४ सेंट मिळत. ऑगस्ट २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात चालू झालेल्या १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला ७.८६ सेंट मिळतात (घरात वापरून उरलेली दिली तर). दर सहा महिन्यांनी त्यात १ टक्का घट आहे. सगळी वीज ग्रिडलाच द्यायची असेल तर दर बराच जास्त, १२ सेंटच्या वर. पण मग घरात एक युनिटही वापरायचं नाही.

हा खर्च पूर्वी वीजबिलातून जाई. २०१७ला त्या अधिभाराने ६.८८ सेंट गाठले होते. १ जुलै २०२२पासून तो शून्य आहे आणि पैसे केंद्र सरकारच्या तिजोरीतून जातात, २०२४मध्ये सुमारे १८.५ अब्ज युरो. ग्राहकाच्या बिलावरून ओळ गेली, करदात्याच्या डोक्यावर आली. अर्थमंत्री दरवर्षी तो आकडा बघतात आणि कायदा दुरुस्त होतो.

फेब्रुवारी २०२५च्या कायद्यातल्या दोन गोष्टी नव्या यंत्रणांना लागू आहेत, जुन्यांना नाहीत :

पहिली, बाजारभाव शून्याखाली असताना दिलेल्या विजेला मोबदला शून्य. तो वेळ २० वर्षांच्या शेवटी भरून मिळतो, पण डिसेंबरचा तास आणि जूनचा तास सारखा धरत नाहीत. कोणत्या महिन्यात किती ऊन असतं त्या हिशेबाने मुदत वाढते.

दुसरी, स्मार्ट मीटर आणि दूरनियंत्रणाची पेटी बसून तपासली जाईपर्यंत पॅनेलच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांहून जास्त वीज ग्रिडमध्ये सोडायची नाही.

२ किलोवॅटखालच्या यंत्रणा दोन्हींतून सुटतात. बाल्कनीत एक-दोन पॅनेल लावणाऱ्यांनी निश्चिंत राहावं.

आळूवडी

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. दर शून्याखाली गेला की मला वॉशिंग मशीन लावायचे पैसे मिळतात का? ऑफिसात एक जण तसं छातीठोकपणे सांगतो.

हिशेबनीस

@आळूवडी, साधा ठरलेल्या दराचा करार असेल तर काहीच मिळत नाही. बाजार उणे असो वा अधिक, तुमचा दर तोच. बाजारभावाशी जोडलेला 'डायनॅमिक' करार असेल तर फरक पडतो. पण बाजारभाव हा तुमच्या दराचा एक तुकडाच असतो. बाकीचे तुकडे बघा, २०२५ सालचे, सेंट प्रति युनिट :

ग्रिडभाडं साधारण १० (गावोगाव बदलतं, हाच मोठा झोल आहे), वीजकर २.०५, कलम १९चा अधिभार १.५५८, समुद्रातल्या पवनचक्क्यांचा ०.८१६, उष्णता-वीज सहनिर्मितीचा ०.२७७, नगरपालिकेचं रस्तेभाडं समजा १.६६. बेरीज १६.३६. त्यावर १९ टक्के व्हॅट म्हणजे १९.५ सेंट. बाजारात वीज फुकट असली तरी तुम्हाला साडेएकोणीस सेंट पडतात, वर पुरवठादाराचं कमिशन वेगळं.

युनिट खरोखर फुकट पडायला बाजारभाव उणे १६.३६ सेंट, म्हणजे मेगावॉट-तासाला उणे १६४ युरोपर्यंत उतरावा लागतो. वर्षातल्या ५७३ तासांपैकी बहुतेक तास शून्य ते उणे १०-१५ युरो एवढेच खाली असतात. ११ मेसारखा तास आला तर २५ वजा १६.३६ म्हणजे ८.६४, व्हॅट धरून सव्वादहा सेंट प्रति युनिट तुमच्या नावे जमा. एका वॉशिंग मशीनला सुमारे १ युनिट लागतं. दहा सेंटासाठी रविवारी जेवताजेवता उठायचं का, ते ज्याने त्याने ठरवावं. गाडीत ४० युनिटं भरायची असतील तर गोष्ट वेगळी.

स्टुटगार्टकर

वरच्या हिशेबात एक भर. डायनॅमिक करार द्यायला १ जानेवारी २०२५पासून प्रत्येक पुरवठादार बांधील आहे. पण स्मार्ट मीटर नसेल तर तो करार तुमच्या कामाचा नाही. काही जण जुन्या डिजिटल मीटरवर आकडे वाचणारं ऑप्टिकल डोकं चिकटवतात, ॲपमध्ये सुंदर आलेख दिसतो. बिल मात्र त्यावर निघत नाही, सरासरी ग्राहकाच्या ठरीव वक्रावर निघतं. म्हणजे तुम्ही रात्री २ला गाडी भरली तरी हिशेबात ती संध्याकाळी ७लाही थोडी भरलेली असते.

जर्मनीत दोन प्रकारचे मीटर आहेत आणि दोघांनाही लोक स्मार्ट म्हणतात. 'मॉडर्न मीटर' म्हणजे नुसता डिजिटल, कुणाशी बोलत नाही, वर्षाला जास्तीत जास्त २५ युरो. खरा स्मार्ट म्हणजे त्याच मीटरला जोडलेली संदेशपेटी. वर्षाला ६,००० युनिटांहून जास्त वापर असेल, किंवा ७ किलोवॅटहून मोठी सौर यंत्रणा असेल, तर तो बंधनकारक आहे. इतरांना मागून मिळतो, एकदाचे १०० युरोपर्यंत आणि वर्षाला वरून ३०. मागणी केल्यावर चार महिन्यांत बसवायला हवा. कायद्याचं उद्दिष्टच २०२५ अखेरीपर्यंत बंधनकारक ग्राहकांपैकी २० टक्के एवढं माफक होतं, यावरून वेग ओळखा. स्थानिक मीटरवाला चालढकल करत असेल तर खाजगी मीटर कंपनी निवडायचा हक्क आहे.

खडूस_आजोबा

म्हणजे लोकांनी कर्ज काढून पॅनेल लावली, आता दुपारी वीज फेकून द्या म्हणतात. आपल्याकडे नेट मीटरिंग आहे, दिवसा दिलेलं युनिट रात्री परत. युरोपियन लोकांना एवढं साधं सुचलं नाही?

ऱ्हाईनकाठ

आजोबा, सुचलं नाही असं नाही, मुद्दाम केलं नाही. जर्मन पद्धतीत घेतलेली वीज आणि दिलेली वीज ही दोन वेगळी खाती आहेत. घेताना साधारण ३० ते ४० सेंट, देताना ७.८६. अदलाबदल नाही. शेजारच्या नेदरलँड्समध्ये नेट मीटरिंग होतं, ते १ जानेवारी २०२७पासून बंद होतंय. दुपारच्या स्वस्त युनिटाच्या बदल्यात संध्याकाळचं महाग युनिट द्यायचा तोटा पुरवठादारांना झेपेना, आणि त्यांनी तो पॅनेल नसलेल्या ग्राहकांवर वळता केला. महाराष्ट्रातही छतं भरत गेली की हाच प्रश्न येणार. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत देणं, हे त्याच वळणाचं पहिलं पाऊल आहे.

दुपारच्या सौर विजेची खरी किंमत बघा. २०२४मध्ये सौर विजेला बाजारात सरासरी ४.६ सेंट मिळाले. त्याच वर्षी सर्व तासांची सरासरी ७.८५ सेंट होती. मे २०२५मध्ये सौर सरासरी २ सेंटांवर आली. सगळे एकाच वेळी एकच माल बाजारात आणतात, लासलगावच्या कांद्यासारखं. फरक इतकाच की कांदा दोन महिने चाळीत राहतो.

मीटरफिरकी

बाल्कनीबद्दल विस्ताराने लिहा ना कुणी. भाड्याच्या घरात राहणारेच जास्त आहेत इथे.

वायरमन

लिहितो. १६ मे २०२४पासूनचा नियम : पॅनेल मिळून २,००० वॉटपर्यंत, इन्व्हर्टरचं (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारी पेटी) आउटपुट ८०० व्होल्ट-ॲम्पिअरपर्यंत. दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायच्या. २,००० वॉटची पॅनेल ८००च्या इन्व्हर्टरला लावलीत तर भर उन्हात वरचं कापलं जातं, पण ढगाळ दिवशी आणि सकाळ-संध्याकाळी मिळकत वाढते. त्यामुळे तो अगदीच वेडेपणा नाही.

क्रम असा ठेवा :

भाडेकरू असाल तर आधी घरमालकाला लेखी विचारा. १७ ऑक्टोबर २०२४पासून कायदा तुमच्या बाजूने आहे, सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. पण कठड्याला कसं बांधायचं, बाहेरून कसं दिसेल, यात मालकाला किंवा सोसायटीला बोलता येतं. 'परवानगी लागत नाही' असं जे समाजमाध्यमांवर फिरतं ते खोटं आहे. परवानगी लागते, फक्त ती अडवून धरता येत नाही.

बांधणी हा या कामातला सगळ्यात हलगर्जीपणे केला जाणारा भाग. दोन चौरस मीटरचं २२ किलोचं पॅनेल कठड्यावर म्हणजे शिडाची बोट. प्लास्टिकच्या केबल-टायने बांधू नका, उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होतात. स्टीलचे हुक, चारही कोपरे, आणि कठडा स्वतः भिंतीत पक्का आहे ना ते आधी बघा. अनेक जुन्या इमारतींत कठडाच हलतो.

जोडणी : भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट. मल्टीप्लग नाही, गुंडाळलेली एक्स्टेन्शन तर अजिबात नाही. गुंडाळीत उष्णता साठते आणि ही वीज तासन्‌तास वाहते, केटलसारखी तीन मिनिटं नाही. एका सर्किटवर एकच यंत्रणा.

नोंदणी : फक्त फेडरल नेटवर्क एजन्सीच्या मार्केट नोंदवहीत ऑनलाइन, चालू केल्यापासून एका महिन्यात. ग्रिडवाल्याला वेगळं कळवायला लागत नाही, त्याला नोंदवहीतूनच कळतं. सोबत बॅटरी असेल तर तिची नोंद वेगळी, हे बरेच जण विसरतात.

मीटर : जुना चकतीचा मीटर असेल तर वीज बाहेर जाताना चकती उलटी फिरते. नवा मीटर बसेपर्यंत हे तात्पुरतं चालवून घेतात. म्हणजे आजोबांचं नेट मीटरिंग इथे काही महिने फुकट मिळतं. नोंदणी केलेली असली तरच.

मीटरफिरकी

>> भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट

घराला तीन फेज येतात. बाल्कनीचा सॉकेट एका फेजवर, फ्रिज दुसऱ्यावर. मग ती वीज फ्रिजला कशी मिळणार?

वायरमन

भौतिकदृष्ट्या कदाचित मिळणार नाही, हिशेबात मिळते. जर्मन मीटर तिन्ही फेजांची त्या क्षणाची बेरीज-वजाबाकी करून मोजतो. फेज १वर ३०० वॉट बाहेर, फेज २वर ३०० वॉट आत, तर मीटर स्थिर. यासाठी वायरिंग बदला सांगणाऱ्याला नम्रपणे नारळ द्या.

मात्र ही बेरीज त्या क्षणाची आहे, दिवसाची नाही. दुपारी घरात कुणी नाही, फ्रिज आणि राउटर मिळून १५० वॉट खातात, इन्व्हर्टर ७०० देतोय. ५५० वॉट ग्रिडला दान. बाल्कनीवाल्यांनी मोबदल्यावर सहसा पाणी सोडलेलं असतं. म्हणून दोन्ही पॅनेल दक्षिणेला लावण्यापेक्षा एक पूर्वेला एक पश्चिमेला बरं पडतं. एकूण युनिटं कमी बनतात, पण घरात जास्त मुरतात. वर्षाला ६०० युनिटं बनली आणि ४०० घरात खपली तर ३० सेंटांनी १२० युरो.

आळूवडी

आणि पूर्ण छताचं? बॅटरीवाले रोज फोन करतात.

हिशेबनीस

१० किलोवॅट, दक्षिणेचं छत, किलोवॅटला ९५० युनिटं धरू (उत्तरेत कमी, बव्हेरियात ११००पर्यंत). वर्षाला ९,५००. घराचा वापर ४,०००.

बॅटरी नसेल तर ४,०००पैकी सुमारे १,४०० थेट उन्हातून भागतात, ३० सेंटांनी ४२० युरो वाचले. उरलेली ८,१०० ग्रिडला, ७.८६ सेंटांनी ६३७. मिळून १,०५७.

१० युनिटांची बॅटरी घातली तर घरातली २,७००पर्यंत भागतात, ८१० युरो. भरता-काढताना सुमारे १५० युनिटं वाया. ग्रिडला ६,६५०, म्हणजे ५२३. मिळून १,३३३.

बॅटरीमुळे वर्षाला पावणेतीनशे युरो जास्त. ती ४,०००ला पडली तर साडेचौदा वर्षं, ७,०००ला पडली तर पंचवीस, आणि तोवर बॅटरीच टिकायची नाही. फोनवाले '७० टक्के स्वावलंबन' सांगतात. ते खोटं नाही, पण वाचलेल्या युनिटाला पूर्ण ४० सेंट लावतात आणि न मिळालेले ७.८६ वजा करायला विसरतात. अजून एक : डिसेंबरमध्ये ही यंत्रणा वर्षाच्या जेमतेम २ टक्के वीज देते. उन्हाळ्याची वीज हिवाळ्यात न्यायची बॅटरी कुणी विकत नाही.

पॅनेल आणि बॅटरीवर १ जानेवारी २०२३पासून व्हॅट शून्य आहे (घरावर, ३० किलोवॅटपर्यंत), आणि त्या मर्यादेत मिळकतीवर आयकर नाही. कोटेशनमध्ये १९ टक्के दिसले तर तिथेच थांबवा. नुसत्या दुरुस्तीवर मात्र १९ लागतात.

स्टुटगार्टकर

हिशेब पटला, पण ६० टक्क्यांच्या मर्यादेने बॅटरीचं गणित थोडं बदलतं. कसं ते सांगतो.

६० टक्के हे मीटरपाशी मोजतात, पॅनेलपाशी नाही. १० किलोवॅटच्या यंत्रणेने भर दुपारी ९ बनवले, घर २ खातंय, १ बॅटरीत चाललंय, तर बाहेर ६. काहीच कापलं गेलं नाही. यासाठी मीटरजवळ तीन फेजांचा सेन्सर हवा आणि तो इन्व्हर्टरशी बोलायला हवा. अनेक इन्स्टॉलर हा सेन्सर न लावता इन्व्हर्टरलाच ६०वर बांधून निघून जातात. मग घरात ओव्हन, घर तापवणारा हीट पंप, सगळं चालू असताना पॅनेलही ६०वर अडकलेलं आणि ग्रिडमधून विकत घेणंही चालू. काम ताब्यात घेताना हे तपासा : कडक उन्हात मोठा लोड चालू करा, इन्व्हर्टरचा आकडा ६०च्या वर गेला पाहिजे.

दुसरी चूक बॅटरीची. ती कारखान्यातून 'आधी मला भरा' अशीच येते. जूनमध्ये सकाळी १०ला टम्म, आणि १२ ते ३ या वेळात, जेव्हा ६० टक्के आडवे येतात, तेव्हा जागाच नाही. अंदाजावर आधारित चार्जिंग असा पर्याय मेनूत असतो, तो चालू करा. हवामानाचा अंदाज बघून बॅटरी दुपारपर्यंत रिकामी ठेवते. फुकटात होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा.

आणि मोबदला-शून्याचा नियम लहान यंत्रणेला लगेच लागत नाही. स्मार्ट मीटर बसेल त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून लागतो. म्हणजे आधी ६० टक्क्यांची वेसण, पण सगळ्या तासांचे पैसे. नंतर वेसण सुटते, पण उणे तासांचे पैसे नाहीत. जुन्या यंत्रणेवाल्यांनी आपणहून नव्या पद्धतीत यायचं ठरवलं तर युनिटमागे ०.६ सेंट जादा आहेत. जुना २०-३० सेंटांचा दर असेल तर त्या मोहात पडू नका.

खडूस_आजोबा

२०१२ ते २०२२ सत्तर टक्क्यांची मर्यादा होती. नव्यांसाठी सप्टेंबर २०२२मध्ये काढली, आता साठची आणली. सरकारी खात्यांची स्मरणशक्ती दोन वर्षांची असते.

वायरमन

आजोबा, त्याहून भारी गोष्ट ५०.२ हर्ट्झची. २०१२च्या आधीचे इन्व्हर्टर ग्रिडची वारंवारता नेहमीच्या ५०वरून ५०.२ हर्ट्झला गेली की तत्काळ बंद पडतील असे बनवले होते. पॅनेल थोडी होती तेव्हा ठीक. नंतर ती गिगावॉटांत गेली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की एका क्षणी कित्येक गिगावॉट एकदम गळून पडले तर उलट वारंवारता कोसळून युरोप अंधारात जाईल. मग लाखो जुन्या यंत्रणा दुरुस्त कराव्या लागल्या. आताचे इन्व्हर्टर ५०.२च्या वर वारंवारता जसजशी चढेल तसतसं, दर हर्ट्झला ४० टक्के या उताराने, उत्पादन कमी करतात. सेकंडहँड जुना इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नवीन जोडणीत तो चालत नाही, सध्याच्या जोडणी-नियमांचं प्रमाणपत्र मागतात.

मीटरफिरकी

हीट पंप आणि गाडीच्या चार्जरला वीज कमी करतात म्हणे, ते खरं का? बायको म्हणते हिवाळ्यात घर गार पडेल.

स्टुटगार्टकर

वहिनींना सांगा, गार पडत नाही. ऊर्जा उद्योग कायद्याचं 'कलम १४ अ' असं आहे : १ जानेवारी २०२४नंतर बसवलेला ४.२ किलोवॅटहून मोठा हीट पंप, चार्जर, बॅटरी किंवा एसी असेल, तर गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर ताण आल्यावर ग्रिडवाला तो ४.२ किलोवॅटपर्यंत उतरवू शकतो. बंद करू शकत नाही. घरातले दिवे, शेगडी यांना हात लागत नाही. छतावरची स्वतःची वीज ४.२च्या वर वापरता येते.

बदल्यात ग्रिडभाड्यात सूट, तीन प्रकारची. पहिला प्रकार ठोक : ८० युरो अधिक ३,७५० युनिटं गुणिले ग्रिडभाडं गुणिले ०.२. ग्रिडभाडं १० सेंट असेल तर १५५ युरो वर्षाला. दुसरा : त्या यंत्राच्या प्रत्येक युनिटावर ग्रिडभाडं ६० टक्के कमी, पण वेगळा मीटर लागतो. मोठ्या हीट पंपाला हा बरा. तिसरा, एप्रिल २०२५पासून, पहिल्याच्या जोडीला : वेळेनुसार तीन पायऱ्यांचं भाडं. स्वस्त वेळेला नेहमीच्या १० ते ४० टक्के, महाग वेळेला दुपटीपर्यंत. रात्री गाडी भरणाऱ्यांना डायनॅमिक करारापेक्षाही हाच जास्त देऊन जातो, कारण ग्रिडभाड्याचे तास आधीच जाहीर असतात, बाजाराचे रोज बदलतात.

दुसऱ्या प्रकारातली ठेच : वेगळा मीटर घेतला की छतावरची वीज हीट पंपला जात नाही, कारण तो वेगळ्या खात्यावर असतो. दोन मीटर एकामागे एक जोडून हे सुटतं, पण इलेक्ट्रिशियनला ते आधी सांगावं लागतं आणि मीटरच्या कपाटात जागा लागते. जुन्या घरांत ते कपाटच सध्याच्या नियमात बसत नाही, आणि ते बदलायला हजार-दोन हजार युरो सहज जातात. कोटेशन मागताना कपाटाचा फोटो पहिल्याच मेलमध्ये पाठवा.

आळूवडी

मग घाई करावी की थांबावं? मंत्री सबसिडी बंद म्हणाल्या असं वाचलं.

ऱ्हाईनकाठ

ऑगस्ट २०२५मध्ये तेव्हाच्या अर्थव्यवस्था आणि ऊर्जा खात्याच्या मंत्री कॅटरिना राइखं म्हणाल्या की छतावरच्या नव्या लहान यंत्रणांना आता आधाराची गरज नाही. बोलणं आणि कायदा यात अंतर असतं. पण एक तारीख खरी आहे : सध्याच्या पद्धतीला ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपियन संघाची, मंजुरी २०२६ अखेरीपर्यंतच आहे, त्यानंतर नवी रचना आणावीच लागेल. चालू झालेल्या यंत्रणेचा दर मात्र २० वर्षं हलत नाही, ही शाश्वती आजवर मोडलेली नाही.

दुसरीकडे उद्दिष्ट २०३०पर्यंत २१५ गिगावॉट सौरचं आहे. १००चा टप्पा २०२५च्या सुरुवातीला ओलांडला, आणि देशाची कमाल मागणी ७५-८०च्या घरात आहे. उत्तरेतला वारा दक्षिणेत आणणारी सुमारे ७०० किलोमीटरची सूडलिंक वाहिनी २०२८ अखेरीच्या आधी नाही. तोवर सगळा देश कागदावर एकाच भावाचा, तारांत दोन भावांचा. म्हणून घरच्या पातळीवर नियम असा धरा : जेवढं घरात मुरेल तेवढ्याचा हिशेब आधी, ७.८६ हा वरकड.

मीटरफिरकी

शेवटचं. इन्स्टॉलरने एका ओळीत २४ पॅनेल दाखवलीत, इन्व्हर्टर १,००० व्होल्टचा. पॅनेलवर ३९ व्होल्ट लिहिलंय. २४ × ३९ = ९३६. बसतंय ना?

वायरमन

नाही बसत. ३९ हे २५ अंशांना आहे. थंडीत व्होल्टेज चढतं, साधारण अंशाला पाव टक्का. उणे १५ला ४० अंशांचा फरक, म्हणजे १० टक्के. ९३६चे १,०३० होतात. कडाक्याच्या थंडीत सकाळी ऊन पडल्या पडल्या इन्व्हर्टर जळू शकतो आणि वॉरंटीवाले नोंदीतला व्होल्टेज दाखवून हात वर करतात. २३ घ्या, ९८७ होतात. किंवा १२-१२च्या दोन ओळी, इन्व्हर्टरला दोन इनपुट असतील तर हेच बरं. पॅनेलच्या पत्रकात उघड्या टोकांचा व्होल्टेज आणि त्यापुढचा तापमान-गुणांक हे दोनच आकडे बघायचे. इन्स्टॉलरला किमान तापमान किती धरलं ते लेखी विचारा.